'पोटभाडेकरू' या शब्दाच्या निमित्ताने

मराठीतील 'पोट' हे उपपद मोठे चमत्कारिक आहे. पोटजात, पोटकलम, पोटनियम, मोजणीच्या नकाशातील पोटहिस्सा, सातबाऱ्यावरील पोटखराबा, जुन्या वाड्यांतील पोटमाळा अशी त्याची कितीतरी रूपे आपल्या वापरात आहेत. संस्कृतातील 'उप' आणि इंग्रजीतील 'सब' हे दोन्ही उपसर्ग मुख्य वस्तूच्या जवळची किंवा खालची पायरी दाखवतात. 'पोट' मात्र लहान वस्तू मोठ्या वस्तूच्या आत ठेवते. पोटमाळा घराच्या आतच, छपराखाली उरलेल्या जागेत असतो. या शब्दकुळीत 'पोटभाडेकरू' हा शब्द बसवून पाहिला, की त्याचा सरळ अर्थ असा निघतो: ज्याला दुसऱ्या भाडेकरूने आपल्या पोटात घेतले आहे तो. कायद्याला या अर्थाशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी पोटभाडेकरू हे बहुतेक वेळा मूळ भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे एक कारण असते.

या शब्दाकडे आमचे लक्ष गेले ते काही व्युत्पत्तीच्या ओढीने नव्हे. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, एकाच शिक्षणसंस्थेत नोकरीला, आणि सलग नऊ वर्षे पुण्यात कोथरूडच्या एका सदनिकेत भाड्याने राहिलेले. तीन वर्षांपूर्वी संस्थेने आपल्या कोकणातील महाविद्यालयात एका शैक्षणिक वर्षासाठी आम्हा दोघांची बदली केली. वर्षभराने परत यायचे होते, म्हणून घर सोडावे असे वाटत नव्हते. घरात साडेतीन हजारांच्या आसपास पुस्तके होती, आणि कोकणातल्या पावसात ती नेणे म्हणजे बुरशीच्या स्वाधीन करणे. त्याच सुमारास आमची एक विद्यार्थिनी जागेच्या शोधात होती. ती हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली, एम.ए. झाल्यामुळे तिची वसतिगृहाची मुदत संपली होती आणि सेट परीक्षेची तयारी व पीएच.डी.चा आराखडा अशी दोन्ही कामे एकदम अंगावर होती. कॉट बेसिसवर एका खोलीत सहा मुलींसोबत राहून तिने दोन महिने काढले होते. दुसरीकडे चौकशी केली तेथे आधी आडनाव, मग गाव आणि मग 'घरात काय शिजवणार' असे तीन प्रश्न क्रमाने आले होते. चौथा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तिने आमच्या घरी राहावे, जमेल तेवढे भाडे द्यावे, उरलेले आम्ही भरावे आणि पुस्तकांना माणसाचा हात लागत राहावा, ही कल्पना सर्वांनाच पटली. शब्द द्यायच्या आधी करार एकदा वाचून पाहावा, एवढेच आम्ही ठरवले.

अकरा-अकरा महिन्यांनी सही केलेल्या त्या दस्तऐवजाचे साहित्याच्या माणसाने करावे तसे सावकाश वाचन आम्ही त्या दिवशी प्रथमच केले. त्याचे शीर्षक 'लिव्ह अँड लायसन्स'. आपल्याकडे या शीर्षकातला पहिला शब्द पुष्कळ जण 'राहणे' या अर्थाने घेतात, आणि ते स्वाभाविकही आहे. राहण्यासाठीच तर करार करायचा. परंतु तो शब्द 'राहणे' या अर्थाचा नाही. तो 'रजा' या अर्थाचा आहे, आणि तीही सुट्टी या अर्थाची रजा नव्हे, तर जुन्या मराठीत 'रजा घेणे' म्हणजे परवानगी घेणे असे म्हणत त्या अर्थाची. म्हणजे संमती आणि परवाना. एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी ठेवून कायद्याने जणू बजावून सांगितले आहे, की येथे परवानगीपलीकडे काहीही दिलेले नाही. पुढे संबंध करारात 'भाडे' आणि 'भाडेकरू' हे शब्द कोठेही नव्हते. भाड्याला 'परवाना शुल्क' म्हटले होते, आम्हाला 'परवानाधारक'. बाराव्या कलमात लिहिले होते, की परवानाधारकाने सदर जागा अन्य कोणासही पोटभाड्याने, परवान्याने वा अन्य कोणत्याही प्रकारे वापरावयास देऊ नये. आम्हाला ज्या शब्दाने कोठेही संबोधलेले नाही, त्या शब्दाचे पोटरूप तेवढे निषेधासाठी वापरलेले होते.

आमचा एक वकील मित्र आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने प्रथम एक वर्ष सांगितले: १८८२. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात भाडेपट्टा आला आणि सुविधाधिकारांच्या कायद्यात परवाना आला. पहिल्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे, करारात अथवा स्थानिक रिवाजात उलट काही नसेल तर भाडेपट्टेदार आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकतो, पोटभाड्याने लावू शकतो. कारण भाडेपट्टा हा जागेतील हितसंबंध आहे. तो आपल्या मालकीचा आहे, म्हणून त्याचा तुकडा पाडता येतो. दुसऱ्या कायद्याच्या कलम ५२ मधील परवान्याने असा कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते करण्याची मुभा तेवढी मिळते. आणि कलम ५६ म्हणते, की परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अपवाद एकच, सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्याचा परवाना. हे ऐकून आम्ही थक्क झालो. बालगंधर्व रंगमंदिरातील नाटकाला आम्हाला जाता आले नाही तर तिकीट विद्यार्थिनीला देता येते. घराला जाता आले नाही तर घर देता येत नाही. मित्र म्हणाला, "तुम्ही तिला पोटभाडेकरू करूच शकत नाही. पोटात घ्यायला आधी पोट असावं लागतं."

यावर प्रश्न असा पडतो, की ज्या राज्यात लाखो कुटुंबे भाड्याने राहत आली तेथे भाडेकरू हा शब्दच करारातून हद्दपार का झाला? याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या भाडे-कायद्यांच्या इतिहासात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला दोन संरक्षणे दिली. मालकाला मनात येईल तेव्हा त्याला काढता येईना, आणि भाडे गोठले. १ सप्टेंबर १९४० रोजी जी जागा भाड्याने दिलेली होती तिचे त्या दिवशीचे भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. या संरक्षणांच्या बदल्यात कायद्याने एक गोष्ट काढून घेतली. १८८२ मध्ये ज्याला मुभा होती ते पोटभाडे आता बेकायदा झाले आणि निष्कासनाचे कारण बनले. त्यामागचा विचार समजण्यासारखा होता. गोठलेल्या भाड्याने घर मिळालेल्या माणसाने तेच घर बाजारभावाने दुसऱ्याला लावून मधला फायदा खावा, हे कोणत्याच न्यायबुद्धीला मानवणारे नव्हते.

पण शहरे कायद्याला विचारून वाढत नाहीत. गिरण्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि शाळा-कॉलेजांच्या ओढीने माणसे येतच राहिली आणि कोणाच्या ना कोणाच्या पोटात शिरतच राहिली. अखेर कायद्यालाच मागे वळून त्यांच्याकडे पाहावे लागले. २१ मे १९५९ च्या अध्यादेशाने त्या दिवसापूर्वी ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण दिले. त्यानंतर लोकांनी 'पोटभाडे' हा शब्द टाळून 'परवाना' हा शब्द धरला. मग १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर निदान एका खोलीत राहत असलेल्या परवानाधारकाला थेट मालकाचा भाडेकरू मानले. दोन्ही वेळा घडले ते असे: ज्याला आत घेतले होते तो एका तारखेला हक्काने आतला झाला. ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याच्या दृष्टीने ही दयाबुद्धी होती. घरमालकांच्या स्मरणात मात्र ती तारीख धडा म्हणून राहिली.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने हा सारा वारसा एकत्र केला. त्यापूर्वी, १९९७ च्या डिसेंबरात, भाडी अशी गोठवून ठेवणे काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनावलेले होते. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय केली आणि पूर्वी चोरून चालणाऱ्या पागडीला कलम ५६ ने मान्यता दिली. पोटभाड्याचा निषेध कायम राहिला. उलट करार नसेल तर भाडेकरूला जागा पोटभाड्यानेच काय, परवान्यानेही देता येणार नाही, असे कलम २६ मध्ये लिहिले गेले. कलम २४ मध्ये परवान्याची मुदत संपूनही न हलणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडून बाहेर काढण्याची व दुप्पट शुल्क वसूल करण्याची तरतूद आली. या कलम २४ पायीच मालकांनी 'भाडेकरू' या शब्दाला कायमचा निरोप दिला.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या कायद्यातील आणखी एक गोष्ट रोचक वाटेल. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज यामुळे महाराष्ट्रात निराधार ठरतो. अकरा महिने ही आता निव्वळ रूढी उरली आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. लिखित संहिता नसेल तर मौखिक पाठ प्रमाण मानावा, हे तत्त्व दिवाणी न्यायालयात भेटेल असे वाटले नव्हते.

न्यायालयांचे वाचनही आपल्या समीक्षेला परके नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलमधील केशकर्तनालयाच्या जागेवरून चाललेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले, की दस्तऐवजाला नाव काय दिले यावर तो भाडेपट्टा की परवाना हे ठरत नाही. त्याचे रूप बाजूला सारून आशय पाहावा, पक्षकारांचा हेतू पाहावा. पोटभाड्याच्या खटल्यांतही न्यायालये असेच ओळींच्या मधले वाचतात. पोटभाडे सिद्ध व्हायला दोन गोष्टी लागतात: मूळ भाडेकरूने जागेचा ताबा पूर्णपणे सोडून दुसऱ्याला एकट्याला दिलेला असणे, आणि त्याबद्दल मोबदला घेतलेला असणे. हा व्यवहार मालकाच्या नकळत होतो, म्हणून मोबदल्याचा थेट पुरावा मागितला जात नाही. परका माणूस एकटाच ताब्यात आहे एवढे मालकाने दाखवले, की तो तेथे कसा आला हे सांगण्याचा भार भाडेकरूवर येतो, आणि समाधानकारक उत्तर नसेल तर न्यायालय मोबदला गृहीत धरू शकते. उलट, मूळ भाडेकरू स्वतः राहत असेल, किल्ली त्याच्याकडे असेल, घरावरचे नियंत्रण त्याने सोडले नसेल, तर घरात चार पाहुणे असले तरी ते पोटभाडेकरू होत नाहीत. म्हणजे एवढ्या कलमांचा अर्क एका प्रश्नात उतरतो: किल्ली कोणाकडे आहे?

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटाकडे विनोदी वेषांतराचा खेळ म्हणून आपण पाहतो. पण त्या वेषांतराचे मूळ कशात आहे? एका भाडोत्री खोलीत धाकटा भाऊ येतो, मग मित्र येतात, आणि मालक सर्वांना बाहेर काढतो. पुढचा सगळा गोंधळ हा त्या निष्कासनाचा परिणाम आहे. 'मुंबईचा जावई' (१९७०) मध्ये नवविवाहित जोडप्याला घरात माणसे आहेत म्हणून एकांत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील बिऱ्हाडांची दाटी आपण हसत हसत वाचली. या साऱ्या कृतींत 'आत घेणे' हा गृहस्थाचा धर्म आहे आणि 'किती जणांना' हा मालकाचा प्रश्न आहे. हसू येते ते या दोहोंच्या कात्रीतून. पाहुणा कोठे संपतो आणि पोटभाडेकरू कोठे सुरू होतो, हे आपल्या वाङ्मयाने कधी ठरवले नाही. त्याला ठरवायचे नव्हते.

आम्हाला मात्र आठ दिवसांत ठरवायचे होते. मित्राने एकेक वाट तपासून दिली. विद्यार्थिनीला पाहुणी म्हणून ठेवावे, तर यजमान वर्षभर दुसऱ्या जिल्ह्यात. पेइंग गेस्ट म्हणावे, तर कायद्याच्या व्याख्येत जागा देणारा स्वतः त्याच घरात राहत असावा लागतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात पोटभाड्यासाठी पुरवणी कराराची आणि मालक-भाडेकरूंनी मिळून दोन महिन्यांत भाडे-प्राधिकरणाला कळवण्याची वाट सुचवली आहे. परंतु तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याखेरीज त्याला बळ नाही. काही न सांगता तिला ठेवून घेणे ही शेवटची वाट, आणि ती पुण्यात किती जण चालतात हे सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात आमचे नुकसान फार तर घर जाण्याचे होते. तिचे नुकसान मोठे होते. सोसायटीच्या कोणी तक्रार केली तर रात्रीतून बाहेर पडावे लागणार होते तिला, आणि तिच्या हातात दाखवायला एक कागदही नसता. हे लक्षात आल्यावर आम्ही मालकीणबाईंना फोन केला आणि भेटायला गेलो.

मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास नाही हो माझा. पण कागद तुमच्या नावाचा आणि राहणारं माणूस दुसरंच, हे मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून बघितलंय." आणि त्यांनी नारायण पेठेतल्या त्यांच्या सासरच्या वाड्याची हकिकत सांगितली. वाड्यात मागच्या अंगाला दोन खोल्यांत एक कारकून भाडेकरू होते, महिना चौदा रुपये. १९६९ मध्ये त्यांची सोलापूरला बदली झाली. 'वर्षा-दोन वर्षांत परत येतोच' असे सांगून त्यांनी परवान्याचा कागद करून एका शाळामास्तरांना खोल्या दिल्या. ते परत आलेच नाहीत. १ फेब्रुवारी १९७३ उजाडली आणि मास्तर थेट सासऱ्यांचे भाडेकरू झाले. इकडे घरात तीन सुना आल्या होत्या. काकूंनी संसाराची पहिली सहा वर्षे माजघराला पडदा लावून काढली. सासऱ्यांनी दावा लावला तो त्यांच्या हयातीत संपला नाही. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा मास्तरांच्या मुलालाही तीत जागा द्यावी लागली. काकूंच्या वाट्याला आलेल्या पैशांतून कोथरूडची ही सदनिका घेतलेली होती.

"मास्तरांचंही खोटं नव्हतं," काकू म्हणाल्या. "चार पोरं पदरात. जाणार कुठं? दिवाळीला फराळाचं ताट मी त्यांच्याकडे नेऊन द्यायची आणि सोमवारी मामंजी कोर्टात त्यांच्यासमोर उभे असायचे."

या वाक्यानंतर आमच्यापाशी फारसे बोलण्यासारखे उरले नाही. आम्ही कायदा वाचून गेलो होतो. काकू तो जगल्या होत्या. आमच्या विद्यार्थिनीला दारे बंद का मिळतात, याची जी कारणे आम्ही मानत होतो ती खोटी नव्हती. आडनावाचा आणि स्वयंपाकाचा प्रश्न विचारणाऱ्यांना कोणताही इतिहास क्षम्य ठरवू शकत नाही. परंतु त्या बंद दारामागे आणखी एक भीती उभी होती आणि ती पूर्वग्रहाची नव्हती. १९७३ मध्ये मास्तरांना वाचवणाऱ्या कायद्याची ती सावली होती. मास्तर वाचले, आणि त्यांच्यानंतर आलेल्या कित्येक मास्तरांसाठी दारावर 'फक्त कंपनी लीज' अशी पाटी लागली. मोठ्या भागभांडवलाच्या कंपन्यांना व बँकांना या कायद्याचे संरक्षण नाही, म्हणून मालकांना त्याच अधिक भरवशाच्या वाटू लागल्या. दुबळ्याला दिलेला हक्क पुढच्या दुबळ्याच्या वाटेत कसा येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही. तरीही तो हक्क देऊ नये असे आम्हाला म्हणवत नाही. मास्तरांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की ते म्हणणे ओठांवर येत नाही.

काकूंनी एक उपाय सुचवला. तो वकील मित्राच्या उपायाशी तंतोतंत जुळला. आम्ही आमचा परवाना सोडून द्यावा, घर त्यांना परत करावे, आणि त्यांनी विद्यार्थिनीच्या नावे स्वतंत्र करार करावा. मध्ये कोणीही नाही, पोटात कोणीही नाही. मात्र असे केल्यावर परत येण्याचा आमचा कोणताही हक्क उरणार नव्हता. वर्षाने तुम्हालाच देईन, असे काकू म्हणाल्या, पण ते करारात लिहिता येईल का या आमच्या प्रश्नावर वकील मित्र हसला. असे आश्वासन लेखी देणे म्हणजे काकूंनी पुन्हा स्वतःच्या घरावर दुसऱ्याची खूण करून ठेवणे. ज्या गोष्टीला त्या पन्नास वर्षे भीत आल्या, तीच आम्ही सभ्य शब्दांत मागत होतो. आम्ही मागितली नाही.

एकट्या मुलीला चोवीस हजार परवडणे शक्य नव्हते. तिने आणखी दोघींना सोबत घेतले. काकूंनी शुल्क एकवीस हजारांवर आणले, म्हणजे प्रत्येकीला सात. तिघींनीही अंगठ्याचे ठसे देऊन नोंदणी केली. पोलीस ठाण्यात माहिती दिली गेली. विद्यार्थिनीचे वडील त्यासाठी गावाहून आले होते. त्यांनी करार दोन्ही हातांत धरून विचारला तो प्रश्न एवढाच: "ह्यात पोरीचं नाव कुठं हाय, सर?" आम्ही बोट ठेवून दाखवले. परवानाधारक क्रमांक एक. मराठवाड्यात 'कूळ' हा शब्द वंशालाही वापरतात आणि दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यालाही. त्यांच्या घराण्यात बहुधा दुसऱ्या अर्थानेच कागदावर नाव लागले असेल, आणि तेही उशिरा. पुण्यासारख्या शहरातील एका घराच्या कागदावर मुलीचे नाव पहिले आहे, हे पाहून त्यांनी तो कागद घडी करून तिच्या हाती दिला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला.

राहता राहिली पुस्तके. काकूंनी आपल्याच करारातून मागची लहान खोली वगळली, ती स्वतःच्या ताब्यात ठेवली आणि आमची पुस्तके तेथे राहू दिली. त्याचे शुल्क घ्यायला त्यांनी नकार दिला. कायद्याच्या भाषेत ही केवळ परवानगी. केव्हाही काढून घेता येणारी, कोणताही हितसंबंध निर्माण न करणारी. मुलींना पुस्तके वाचायची होती, आणि खोलीची किल्ली तर मालकिणीकडे. महिनाभराने काकू पाइपगळती पाहायला गेल्या तेव्हा ती किल्ली त्यांनी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवली. ताब्याची जी कसोटी इतक्या न्यायमूर्तींनी इतक्या निकालांत घासून घासून लख्ख केली, ती त्या खिळ्यावर लटकत राहिली. किल्ली कोणाकडे आहे, या प्रश्नाचे त्या घरापुरते उत्तर आता कोणालाच नेमके देता येणार नाही, आणि विचारणारेही कोणी नाही.

एका वर्षाची बदली आता तीन वर्षांची झाली आहे. विद्यार्थिनी सेट उत्तीर्ण झाली. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तिच्या नोकरीचा परवानाही आमच्या जुन्या कराराप्रमाणे मुदतीचाच आहे. घराचा करार काकूंनी दोनदा वाढवून दिला. पहिल्या वाढीच्या वेळी त्यांनी आम्हाला फोन करून 'तुम्ही येणार आहात का' असे विचारले होते. विचारण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते. आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी मुलींना होकार कळवला. पुण्याला गेलो की आम्ही त्या घरी जातो, बेल वाजवतो, आणि दार उघडेपर्यंत थांबतो. दर खेपेस पाच-पन्नास पुस्तके पिशव्यांत भरून कोकणात आणतो. मागच्या खेपेस एका शब्दकोशाचा खंड जागेवर नव्हता. तो विद्यार्थिनीच्या टेबलावर होता, अनेक पानांत कागदाच्या खुणा घातलेला. तो आम्ही आणला नाही.